तीन घमेली रेती : जुन्या नाशिकमधील ओझ्याच्या गाढवांचे प्रकरण

सराफ बाजाराकडून गोदाकाठाला उतरणाऱ्या गल्ल्यांपैकी एका गल्लीत २०२५च्या एप्रिलमध्ये एक जुना वाडा उतरवून तीन मजली इमारत बांधण्याचे काम चालू होते. गल्ली अशी की दोन दुचाक्या समोरासमोर आल्या तर एकीला मागे सरकावे लागते. ट्रकचा प्रश्नच नाही. त्यामुळे रेती, खडी आणि विटा वरच्या चौकात उतरवायच्या, तेथून गाढवांवर लादून खाली न्यायच्या आणि परतीच्या खेपेत वाड्याच्या पांढऱ्या मातीचा राडारोडा वर आणायचा, ही या भागातली जुनी रीत आहे. सिंहस्थाच्या तोंडावर जुन्या नाशिकमध्ये बांधकामे वाढली तशी ती पुन्हा ठळकपणे दिसू लागली. या कामावर एका कुटुंबाची अकरा गाढवे होती. या प्रकरणातील व्यक्तींची नावे मी दिलेली नाहीत, कारण मुद्दा त्यांच्या स्वभावाचा नसून कायद्याच्या वापराचा आहे.

तिसऱ्या आठवड्यातल्या एका दुपारी, दीडच्या सुमारास, दगडी पायऱ्या उतरताना एका गाढविणीचा पुढचा डावा पाय घसरला आणि ती गुडघ्यावर बसली. पाठीवर रेतीची गोण आडवी पडलेली होती. मागून हाकणाऱ्या पोराने काठीने दोनदा टोचले, तरी ती उठली नाही. मग गोण ओढून बाजूला केली, तेव्हा खांद्यांच्या जरा मागे, पाठीच्या कण्यावर, तळहाताएवढी उघडी जखम दिसली. जखमेवर हळद आणि जळके ऑइल थापलेले होते. याचा अर्थ जखम त्या दिवशीची नव्हती आणि मालकाला ती ठाऊक होती. समोरच्या घराच्या गॅलरीतून महाविद्यालयात शिकणाऱ्या एका मुलीने हे सारे मोबाइलवर टिपले आणि संध्याकाळी ती पोलिस ठाण्यात गेली. माझ्या एका जुन्या पक्षकाराची ती भाची असल्याने दुसऱ्या दिवशी तिथला कागद घेऊन ती माझ्याकडे आली. पोलिसांनी अदखलपात्र नोंद करून बोळवण केली, अशी तिची तक्रार होती. मालकाला अटक व्हावी आणि अकराही गाढवे ताब्यात घेऊन एखाद्या संस्थेकडे द्यावीत, एवढीच तिची मागणी होती.

पोलिसांनी टाळाटाळ केली असे मला वाटले नाही, आणि हे तिला पटवायला पहिला अर्धा तास गेला. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६०च्या अधिनियमातील कलम ११(१) मारहाण, अतिभार, उपासमार, आखूड दाव्याने बांधणे, आजारी जनावराला कामाला लावणे अशा अनेक कृत्यांना गुन्हा ठरवते. मात्र कलम ३१ प्रमाणे त्यांतील मोजकीच कृत्ये दखलपात्र आहेत : खंड (एल), (एन) आणि (ओ), शिवाय कलम १२ मधील फुक्याचा, म्हणजे दूध वाढवण्यासाठी दुभत्या जनावरावर केल्या जाणाऱ्या क्रूर प्रयोगाचा, प्रकार. जनावराला क्रूरपणे ठार मारणे किंवा त्याचा अवयव तोडणे हे (एल) मध्ये येते. अतिभार खंड (ए) मध्ये आणि जखमी जनावराला राबवणे खंड (बी) मध्ये येते, आणि हे दोन्ही अदखलपात्र आहेत. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून पोलिस यांचा तपास करू शकत नाहीत. जनावराला ठार मारणे किंवा जायबंदी करणे यासाठीचे भारतीय न्याय संहितेचे कलम ३२५ का लावले नाही, असेही तिने विचारले. त्या कलमाचा पाया आगळीक हा आहे, म्हणजे दुसऱ्याचे नुकसान करण्याचा हेतू किंवा जाणीव. स्वतःच्याच गाढविणीला ओझ्याने जायबंदी करणाऱ्या माणसावर तो पाया उभा राहत नाही.

अदखलपात्र म्हणजे पोलिसांचे हात पूर्ण बांधलेले, असा मात्र समज आहे आणि तो चुकीचा आहे. कलम ३४ प्रमाणे शिपायाच्या वरच्या दर्जाच्या कोणत्याही पोलिस अधिकाऱ्याला, गुन्हा घडला आहे असे मानण्यास कारण असेल तर, जनावर ताब्यात घेऊन जवळच्या न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे किंवा पशुवैद्यकीय अधिकाऱ्यापुढे तपासणीसाठी हजर करता येते. आम्ही त्या कलमाचा उल्लेख करून अर्ज दिला आणि उपनिरीक्षकांनी तो वाचून त्याच दिवशी हवालदाराला गाढविणीबरोबर शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्यात पाठवले. डॉक्टरांनी फितीने छातीचा घेर मोजून वजन सुमारे १३० किलो धरले. जखम ओझ्याच्या दाबाने आणि घर्षणाने झालेली, किमान आठवडाभर जुनी, आणि जनावर कामास अयोग्य, असा दाखला त्यांनी दिला. हा दाखला नसता तर पुढचे काहीच झाले नसते. कलम ११(१)(बी) खालील प्रकरणे पुराव्याअभावी पडतात, कारण तक्रारदार चित्रफीत सांभाळून ठेवतो आणि तोपर्यंत जखम भरून निघते.

खरा घोळ ओझ्याच्या वजनावरून सुरू झाला. याच अधिनियमाखाली १९६५ साली ओढकामाच्या आणि ओझ्याच्या जनावरांसाठी नियम झाले. त्यांत आकडे इतके स्पष्ट आहेत की आपल्याकडच्या फार थोड्या कायद्यांत तसे असतील. पाठीवरच्या ओझ्याची कमाल मर्यादा खेचराला २०० किलो, तट्टाला ७० किलो, उंटाला २५० किलो आणि गाढवाला ५० किलो आहे. दिवसात एकूण ९ तासांहून अधिक काम नाही आणि विश्रांतीवाचून सलग ५ तासांहून अधिक नाही. जेथे तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या वर जाते तेथे दुपारी १२ ते ३ या वेळात काम अजिबात नाही. गाढवीण पडली ती दीड वाजता, आणि एप्रिलच्या उत्तरार्धात नाशिकचा पारा ३७ ओलांडतो हे कोणाही नाशिककराला सांगावे लागत नाही. मात्र वर्तमानपत्रात छापून येते ते दिवसाचे कमाल तापमान, दीड वाजताचे नव्हे, आणि वेधशाळेतला पारा म्हणजे गल्लीतला पारा नव्हे, एवढा आक्षेप बचाव पक्षाच्या कोणत्याही वकिलाला सहज सुचेल. म्हणून आम्ही भर दिला तो ५० किलोंवर.

आता ५० किलो मोजायचे कसे? ओझे जास्त असल्याचा संशय आल्यास जनावर वजनकाट्यावर नेण्यास मालकाला भाग पाडण्याचा अधिकार नियमांनी पोलिसांना दिला आहे, आणि नियमांतला वजनकाटा म्हणजे आपला ट्रक तोलायचा धर्मकाटा. जवळचा धर्मकाटा काही किलोमीटरवर आणि दहा-दहा किलोंच्या टप्प्याने वजन दाखवणारा. भर उन्हात लादलेले गाढव तिथवर चालवत नेऊन, त्याच्यावर जास्त ओझे आहे का, हे पाहायचे, यात कायद्याचे पालन किती आणि थट्टा किती, हे ज्याचे त्याने ठरवावे. हवालदार व्यवहारी होते. त्यांनी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या भंगारवाल्याचा काटा मागितला आणि दोन पंचांसमोर सात गोणी एकेक करून त्यावर ठेवल्या. वजने ७४ ते ८६ किलोंच्या दरम्यान आली. त्या वेळी मालकाने जे सांगितले ते माझ्या लेखी या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचे विधान आहे, पण पंचनाम्यात ते आले नाही. तो म्हणाला, ‘किलोचं मला काय माहीत नाही साहेब, आम्ही पाच घमेली टाकतो. माझा बापही पाचच टाकायचा.’

आम्ही त्याच काट्यावर एक भरलेले घमेले ठेवले, तर वजन १६ किलो भरले. पाच घमेली म्हणजे ८० किलो आणि कायद्याचे ५० किलो म्हणजे तीन घमेली. साठ वर्षे छापील असलेला हा नियम ज्याने पाळायचा, त्याच्या मापात तो पहिल्यांदाच मांडला गेला, आणि तोही भंगाराच्या दुकानात.

यानंतर मी मालकाला माझ्या कचेरीत बोलावले. तक्रारदार मुलीला ते रुचले नाही. पण पाच घमेली तो सवयीने टाकतो की त्यामागे काही हिशेब आहे, हे मला समजून घ्यायचे होते. हिशेब निघाला आणि तो बिनचूक होता. रेती पोहोचवण्याचा दर खेपेवर नव्हे तर ब्रासवर ठरलेला होता, ब्रासला १,६०० रुपये. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, आणि तेवढ्या रेतीचे वजन साधारण साडेचार टन भरते. ८० किलोंच्या गोणीने त्याच्या ५७ खेपा होतात, म्हणजे खेपेला २८ रुपये पडतात. ४८ किलोंच्या गोणीने ९४ खेपा होतात आणि खेपेला १७ रुपये पडतात. अकरा गाढवांच्या पाचसहा फेऱ्यांत संपणारे काम साडेआठ फेऱ्यांवर जाते. दर ब्रासवर असेपर्यंत, कायद्याने घातलेली ओझ्याची मर्यादा ही त्या माणसाच्या दृष्टीने मजुरीतली कपात असते आणि ती त्याच्यावर लादणारा कायदा त्या दराबद्दल एक अक्षर बोलत नाही. जखमी गाढवीण त्याने मढीच्या यात्रेतल्या बाजारातून उसने पैसे काढून आणली होती. तिला महिनाभर बसवून ठेवणे त्याला परवडत नव्हते. हे समर्थन नव्हे. जळके ऑइल थापून तिला पुन्हा गोणीखाली घालणारा हात त्याचाच होता. पण ब्रासचा दर ठरवणारा हात वेगळा होता आणि तक्रारीत त्याचे नाव कुठेच नव्हते.

इथे कायद्याची भाषा नीट वाचावी लागते. कलम ११(१)(ए) स्वतः मारणाऱ्यापुरते किंवा लादणाऱ्यापुरते थांबत नाही. तशी वागणूक घडवून आणणारा, आणि मालक असून ती होऊ देणारा, यांनाही ते कवेत घेते. १९६५च्या नियमांतही मर्यादेबाहेर जनावर ‘वापरणारा किंवा वापरावयास लावणारा’ असे शब्द आहेत. शिक्षेचे पाहिले तर कलम ११ खाली पहिल्या गुन्ह्याला किमान १० आणि कमाल ५० रुपये दंड आहे. तीन वर्षांत पुन्हा तोच गुन्हा केल्यास २५ ते १०० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. उलट कलम ३८(३) प्रमाणे नियमाचा भंग करणाऱ्याला किंवा त्या भंगाला साहाय्य करणाऱ्याला पहिल्याच वेळी १०० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे तीच गोणी कलम ११ खाली आणली तर पन्नास रुपयांची आणि नियमाखाली आणली तर तुरुंगाची शक्यता असलेली. तरीही मी पाहिलेल्या ओझ्याच्या जनावरांच्या जवळपास प्रत्येक तक्रारीत कलम ११ असते आणि ३८(३) नसते, कारण नमुन्याचा अर्ज एकदा कोणीतरी तसा लिहिला आणि पुढे तोच फिरत राहिला.

पन्नास रुपयांच्या दंडावर पुष्कळ लिहिले गेले आहे, त्यात मी फारशी भर घालणार नाही. २०१४ साली जल्लिकट्टूविषयीच्या नागराज प्रकरणाच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या शिक्षा अपुऱ्या असल्याचे सांगून संसदेने त्यांचा विचार करावा असे सुचवले. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्राने दुरुस्ती विधेयकाचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी प्रसिद्ध केला, ज्यात अतिक्रूर कृत्यांना वेगळी व्याख्या आणि मोठा दंड सुचवला होता. त्याचा कायदा अजून झालेला नाही. दंड वाढायलाच हवा. फक्त तो वाढला आणि आजच्यासारखाच हाकणाऱ्याच्या एकट्याच्या माथी बसत राहिला, तर तो भरण्यासाठी सहावे घमेले पडेल, ही भीती मला या प्रकरणानंतर वाटते.

अकराही गाढवे जप्त करण्याचा आग्रह तक्रारदाराने काही दिवसांत स्वतःच सोडला. दहा गाढवांच्या अंगावर दाखल्यात लिहावी अशी जखम नव्हती. ज्या दोन संस्थांकडे आम्ही विचारणा केली त्यांच्याकडे गायींची सोय होती, गाढवांची नव्हती. शिवाय कलम ३५ प्रमाणे ताब्यातल्या जनावराच्या वाहतुकीचा, पोसण्याचा आणि उपचारांचा खर्च मालकावर येतो. मालकाच्या गरिबीमुळे न्यायदंडाधिकारी उपचारांच्या खर्चाची माफी देऊ शकतात, अशी तरतूद त्याच कलमात आहे आणि ती मागावी लागते, आपोआप मिळत नाही. जखमी गाढविणीपुरती आम्ही ती मागितली आणि मिळाली. कागदावर ती ताब्यात राहिली, पण प्रत्यक्षात मालकाच्याच वस्तीत, हमीपत्रावर, काम न करण्याच्या अटीने. तक्रारदार मुलगी दर दोन दिवसांनी तिथे जाऊन जखमेचे फोटो काढायची. आधी मालकाची बायको तिच्याशी बोलायची नाही. नंतर तिनेच फोन करून विचारायला सुरुवात केली, ‘ताई, मलम संपलं, येताना आणशील का?’

कंत्राटदारापर्यंत पोहोचणे अवघड गेले. जागेचा मालक, विकासक, बांधकामाचा कंत्राटदार, रेती-खडीचा पुरवठादार आणि शेवटी गाढववाला, अशी ती उतरंड. लेखी करार यांतल्या फक्त वरच्या दोघांत होता. आमच्या हाती होते ते पुरवठादाराच्या खिशातल्या डायरीचे एक पान, ज्याचा फोटो गाढववाल्याच्या मुलाने उचल लक्षात राहावी म्हणून काढून ठेवला होता : तारीख, रेती चार ब्रास, गाढव उतरण, १,६०० प्रमाणे. दर ब्रासवर होता याचा एवढाच पुरावा. तो पाहून आम्ही पुरवठादार आणि कंत्राटदार या दोघांना नोटीस पाठवली, तिच्यात नियमांतील ‘वापरावयास लावणारा’ हे शब्द अधोरेखित केले आणि भंगारवाल्याच्या काट्यावरचा पंचनामा जोडला.

नोटिशीचा परिणाम न्यायालयाबाहेर झाला. मेच्या पहिल्या आठवड्यात कंत्राटदार स्वतः येऊन भेटला. तो चिडलेला नव्हता, त्याला काम थांबू द्यायचे नव्हते. तासाभराच्या बोलण्यात असे ठरले की दर ब्रासऐवजी खेपेवर असेल, खेपेला २५ रुपये, आणि गोणीत तीन घमेली. काम सकाळी सात ते बारा आणि दुपारी तीन ते सहा. हे आठ तास होतात, म्हणजे नऊ तासांच्या आणि सलग पाच तासांच्या दोन्ही मर्यादांत बसतात. ब्रासला खर्च १,६०० वरून २,३५० वर गेला. वाढलेले ७५० रुपये पुरवठादाराने आणि कंत्राटदाराने वाटून घेतले. तीन मजली इमारतीच्या एकूण खर्चात ही रक्कम कुठे दिसणारही नाही, हे कंत्राटदाराने न विचारता मान्य केले. फेऱ्या वाढल्याने जनावराची पायपीट वाढते, या शंकेवर डॉक्टरांचे म्हणणे असे पडले की गाढव चालून झिजत नाही, पाठीवरच्या दाबाने झिजते, आणि परतीला राडारोडाही तीनच घमेली असेल तर हरकत नाही. गोणीखाली गोणपाटाची चौपदरी घडी घालण्याची सूचनाही त्यांचीच.

न्यायालयातला भाग थोडक्यात सांगण्याजोगाच आहे. मालकाने खंड (ए) आणि (बी) खाली गुन्हा कबूल केला आणि प्रत्येकी पन्नास असे शंभर रुपये भरले. कंत्राटदार आणि पुरवठादार यांच्याविरुद्धची फिर्याद मात्र दाखलच झाली नाही, आणि त्यात माझी चूक आहे. कलम ३६ प्रमाणे गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांनंतर खटला सुरू करता येत नाही. पोलिसांना तपासाची परवानगी मिळेल, त्यात दोघांची भूमिका पुढे येईल आणि मग आपण जाऊ, असे धरून मी थांबलो. परवानगीचा कागद हाती आला तेव्हा जुलै उलटून गेला होता. अतिभाराची प्रत्येक खेप हा स्वतंत्र गुन्हा धरला तरी शेवटची जड खेप मेच्या आरंभीची होती, त्यामुळे तिचीही मुदत ऑगस्टच्या सुरुवातीला संपली. अशा प्रकरणात पहिल्याच आठवड्यात खासगी फिर्याद तयार ठेवावी, तिच्यात कलम ११ बरोबर ३८(३) घालावे आणि दर ठरवणाऱ्याला पहिल्या दिवसापासून आरोपी करावे, हे आता मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. तेव्हा मात्र मला ते सुचले नाही.

देशातली गाढवे २०१२च्या पशुगणनेत सुमारे ३ लाख २० हजार होती, ती २०१९च्या गणनेत १ लाख २० हजारांवर आली. ही घट मालक क्रूर झाले म्हणून झालेली नाही. कामे यंत्रांकडे गेली आणि उरली ती फक्त जिथे यंत्र शिरत नाही अशा गल्ल्यांतली. ती कामे अजून काही वर्षे राहतील आणि त्यांचे दर तोंडीच ठरत राहतील.

दिवाळीनंतर पंचवटीत नाग चौकाच्या बाजूला एका कामावर तीच गाढवे मला दिसली. ती गाढवीणही होती. पाठीवर जखमेच्या जागी पांढरे केस आले होते आणि गोणीखाली चौपदरी घडी होती. मी थांबून घमेली मोजली. चार पडली. मालकाने मला पाहिले आणि मी काही विचारायच्या आत सांगितले, ‘वकीलसाहेब, इथं दर ब्रासवर आहे.’